गुंगीतली मर्दुमकी

दक्षिण आफ्रिकेत एक टूम निघाली होती: हौशी पाहुण्याने पैसे मोजून गेंड्याला गुंगीचा डार्ट मारायचा, तो आडवा झाला की शेजारी बसून फोटो काढायचा आणि या सगळ्याला ‘हरित शिकार’ म्हणायचं. रक्त सांडलं नाही म्हणजे पाप नाही! पण औषधाची मात्रा चुकली, अंग तापलं किंवा श्वास अडकला, तर ती झोप कायमची. पशुवैद्य ही जोखीम जनावरासाठी घेतो, पाहुणा दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी. पैसा संवर्धनाला जातो म्हणावं, तर तो फोटोविनाही देता येतो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा सांगतो, आधी बेशुद्ध करून पकडा; ते अशक्य असेल तरच मारा. तरी डिसेंबर २०२० मध्ये करमाळ्यातला नरभक्षक बिबट्या गोळीनेच मेला. ती झाडली अकलूजच्या धवलसिंह मोहिते पाटलांनी. ‘डार्ट का नाही?’ हा प्रश्न रास्तच. पण औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि बिबट्या तोवर उसात घड्याळ बघत बसत नाही. हरित शिकाऱ्यांना नेम आजमावायचाच असेल, तर त्यांनी रात्री करमाळ्याच्या फडात उतरावं. फोटोग्राफर मात्र स्वतःचा आणावा. इथलं कुणी सोबत यायचं नाही.