शंभर वॅटचा दिमाख

गाडी घेतली की पहिला साक्षात्कार हा होतो की कंपनीतल्या इंजिनिअरांना काही कळत नाही. हेडलाइटला ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब दिला. चिक्कूपणा, दुसरं काय! मग ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर १००/९० चा बसतो, आणि वरंधा घाटात समोरच्याचे डोळे दिपले की पैसे वसूल.

बल्ब नवा, वायर मात्र तीच, हडकुळी. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० ला आठाच्या वर. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. आधी होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होतं, मग ठिसूळ, मग एक वास येतो, जो मालकाला पुढच्या ट्रकच्या क्लचचा वाटतो. हळूहळू रिफ्लेक्टरची चकाकी उडते आणि १०० वॅटचा दिवा कंदिलाइतका उजेड पाडू लागतो. उपाय? अर्थातच १३० चा बल्ब. (फ्यूज उडाला म्हणून जाड फ्यूज टाकणारे महाभाग वेगळेच. त्यांना दंडवत.)

रिले, जाड वायर, सिरॅमिक होल्डर असं किट मिळतं. पण ते बॉनेटखाली दडतं, सोसायटीत दाखवणार काय? शिवाय रिलेने वायर वाचते. रिफ्लेक्टर नाही, आणि समोरच्याचे डोळे तर नाहीच.

हौसच असेल तर मूळ वॅटच्याच बल्बला रिले लावा, काच घासून घ्या, फोकस भिंतीवर पाडून नीट करा. आणि समोरून कुणी आलं तर कृपा करून डिपर मारा. त्याला वॅट लागत नाहीत.