भांडारपाल

घरात सत्ता कुणाची चालते हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नेलकटर कुठे आहे हे ज्याला विचारावं लागतं, त्याची. कमावणारा कुणी का असेना, वाढणारी कुणी का असेना, रविवारी सकाळी स्वतःची नखं न्याहाळत घरभर फिरणारी माणसं शेवटी ज्याच्यापुढे येऊन उभी राहतात तो त्या घराचा भांडारपाल. असा एक जण बहुतेक कुटुंबात निघतो. पुष्कळदा ती आजी असते, कधी धाकटी आत्या, क्वचित एखादा सडाफटिंग काका. तुम्ही टेबलावर ठेवलेला चष्मा पाच मिनिटांत टेबलावरून नाहीसा होतो, आणि विचारलंत तर उत्तर येतं, "जागेवर आहे." कुठल्या जागेवर, ते सांगत नाहीत. सांगितलं तर पुढच्या वेळी विचारणार कोण?

इतर घरांत ही मंडळी हौशी असतात. आमचे मामा पगारी होते. एका सरकारी कार्यालयात त्यांचं पदच भांडारपाल. अठ्ठावन्न पुरी झाल्यावर ते रीतसर निवृत्त झाले, पण फक्त कार्यालयातून.

त्यांची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. तळमजला धरून चार मजले, एकेका चाळीत ऐंशी खोल्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. सत्याग्रहाच्या काळात सरकारने यातल्या काही इमारती तुरुंग म्हणून वापरल्या होत्या. मामी म्हणायची, "भिंतींना सवय आहे. आपल्यालाच वेळ लागला."

सातवीचं वर्ष, म्हणजे १९९१-९२ साल, मी या खोलीत काढलं. मामा, मामी, आजी, तीन मामेभावंडं आणि मी. सात माणसं १६० चौरस फुटांत कशी मावतात हे बाहेरच्याला कळत नाही. सातही जण एका वेळी तिथे कधीच नसायचे. पहाटे पाचला मोरीची पाळी सुरू व्हायची. सहाला वळकट्या कॉटखाली जायच्या आणि त्या जागेवर पोळपाट यायचा. आठला पोळपाट जाऊन तिथे दप्तरं. दुपारी तिथेच आजीचं निवडणं-टिपणं, संध्याकाळी आमचा अभ्यास, रात्री पुन्हा वळकट्या. दोन मुलगे बारा महिने गॅलरीत झोपत. रेल्वेला नसेल इतकं चोख वेळापत्रक, आणि त्याचे स्टेशनमास्तर मामा.

मामांचं म्हणणं असं की, पसारा वस्तू करत नाहीत, वस्तू नेऊन परत जमा न करणारी माणसं करतात. त्यामुळे पेन्सिल संपली म्हणून नवी मागितली की मामा आधी हात पुढे करायचे. जुनं थोटूक दाखव. थोटूक करंगळीच्या पेराहून मोठं निघालं तर परत मिळायचं, "आठवडा जाईल अजून." खोडरबराचंही तेच. माझ्या कंपासपेटीतला कर्कटक हरवला तेव्हा मात्र पेच पडला. जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि हरवलेला जमा कसा करणार? मामांनी शांतपणे सांगितलं, "सापडला की ये." मी वर्षभर भूमिती शेजारच्या बाकावरच्या कर्कटकाने केली.

घरात एक लांबट वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. वर मामांच्या टपोऱ्या अक्षरात 'जडवस्तू संग्रह'. कार्यालयात या नोंदवहीत टेबलं, खुर्च्या, पंखे असतात. मामांच्या वहीत 'पाटा-वरवंटा, जोडी १' होता आणि शेऱ्याच्या रकान्यात 'वरवंटा वापरात, पाटा कॉटखाली'. 'तांब्याचा बंब, नग १, माळ्यावर, डावीकडे.' 'पाळणा, नग १, माळ्यावर, सुटा केलेला, दोन मळसूत्रे कमी.' माळा म्हणजे मोरीच्या वरचा लाकडी फळ्यांचा पोटमाळा. गणपतीचं मखर, कंदिलाचे सांगाडे, आजोबांचा छत्रीचा दांडा (छत्री केव्हाच गेली होती) आणि १९७३ पासूनची सगळी कालनिर्णयं. ती कशाला ठेवली असं मी एकदा विचारलं, तर मामा म्हणाले, "दुधाचा खाडा कुठे बघायचा मग?" एकोणीस वर्षांपूर्वीचा दुधाचा खाडा कोण बघणार हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

३१ मार्चला 'प्रत्यक्ष पडताळणी'. खोलीतली यच्चयावत वस्तू गॅलरीत मांडली जायची आणि मामा एका हातात वही, दुसऱ्या हातात लाल पेन्सिल घेऊन खुणा करत जायचे. मजल्यावरची बायामाणसं कोंडाळं करून बघायला उभी राहात. त्यात गंमत व्हायची. "अगोबाई, ही तर आमची किसणी!" असं म्हणत कुणीतरी हात घालायचं, आणि मामांचा चेहरा उतरायचा. आपल्याला वाटेल, वस्तू कमी भरली की भांडारपाल घाबरतो. तसं नसतं. तुटीचं कारण देता येतं, मोडली, झिजली, उंदराने नेली. वस्तू जास्त भरली तर ती आली कुठून, याचं उत्तर द्यावं लागतं. शेजारच्या किसणीने मामांची रात्रीची झोप उडायची.

टाकून देणं ही गोष्ट या व्यवस्थेत जवळजवळ अशक्य होती. टाकायचं नाही, 'निर्लेखन' करायचं, आणि त्याला तिघांची समिती: मामा, मामी, आजी. आजीची सही कधी मिळायची नाही. तिने एकदाच मान डोलावली, मामांच्या तीन जुन्या पँटींसाठी, कारण तेव्हा बोहारीण उंबऱ्याशी स्टीलचं पातेलं वाजवत बसली होती. "पातेलं नको, डबा दे, झाकणाचा," एवढं बोलून आजी समितीतून उठली.

आता मामीबद्दल. मामांनी स्वयंपाकाच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवलेली: तूरडाळ, मूगडाळ, साखर, पोहे. मामी चौथीपर्यंत शिकलेली, पेपर रोज वाचणारी. पण डब्यावर लिहिलेलंही वाचायचं असतं यावर तिचा विश्वास नव्हता. तूरडाळीत पोहे, साखरेत रवा, बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी. मामा दर आठवड्याला चिठ्ठीप्रमाणे माल फिरवायचे, मामी दुसऱ्या दिवशी पूर्ववत करायची. यावरून कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. ते दोघं एकाच खोलीत दोन वेगळी घरं चालवत होते, आणि आम्ही दोन्हीकडे जेवत होतो.

मामीचं घर किती मोठं होतं ते कळायला ८ नोव्हेंबर २०१६ उजाडावा लागला. मंगळवार होता. मी सहज म्हणून गेलो होतो, जेवायलाच थांबलो. आठ वाजता टीव्हीवर पंतप्रधान आले आणि पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद झाल्या. चाळीत एकदम गलका. मामा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी वही काढली, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "घरात रोख. पाचशेच्या नोटा, सहा. बस." वही मिटली. सरकारपेक्षा आपला कारभार चोख असल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

मामी उठली. तांदळाच्या पिंपात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि दोऱ्याने बांधलेलं एक पुडकं काढलं. मग मोहरी ताटात ओतून बोर्नव्हिटाच्या डब्याच्या तळाचा कागद उचकटला. मग देव्हाऱ्यातल्या तसबिरीची पाठ. मग आजीच्या जुन्या गोधडीची उसवलेली शिवण. आजी जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, गोधडी मामांच्याच अंगावर असायची. मामा एकेका पुडक्याकडे नुसते बघत होते. शेवटी मामीने त्यांच्या मांडीवरची वही घेतली, लाल कापडी पुठ्ठ्याच्या शिवणीत बोट घातलं आणि आतून हजाराच्या दोन नोटा ओढल्या.

बेरीज तेहेतीस हजार पाचशे भरली.

"यातली एकही नोंद माझ्याकडे नाही," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त कळवळा.

"नोंद असती तर उरले असते का?" असं म्हणून मामी मोहरी परत डब्यात भरू लागली. तूरडाळीच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या, त्यामुळे मामांना वहीत 'वाढीव साठा' असा नवा रकाना आखायला भरपूर वेळ मिळाला.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. मामांकडे धुऊन, वाळवून, आकाराप्रमाणे घड्या घातलेल्या पिशव्यांची तीन गाठोडी होती आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. आयुष्यात पहिल्यांदा मामांनी एखादी वस्तू वहीतून खोडली आणि घरात ठेवली. ते पाप त्यांना बरेच दिवस डाचत होतं.

मामेबहिणीने मध्यंतरी मारी कोंडो या जपानी बाईंची पद्धत ऐकवली. एकेक वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद वाटला तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फळीवरून इसबगोलचा डबा काढून तिच्या हातात दिला. "होतोय आनंद?" ती हसली. "मला पण होत नाही," मामा म्हणाले, "पण सकाळी लागतो." आभार मानायची कल्पना मात्र त्यांना पटली. तसा एक शेरा वहीत सुरू करावा असं त्यांचं चाललं होतं.

मग पुनर्विकास. चाळ रिकामी करताना मामांनी चौसष्ट खोकी भरली, प्रत्येकावर क्रमांक, आत यादी, यादीची प्रत वहीत. संक्रमण शिबिराच्या घरात त्यातली एकवीस उघडली. बाकी त्रेचाळीस भिंतीला लावून रचली, वर चादर टाकली आणि काही वर्षं पाहुणे त्यांवर बसले. न उघडता इतके दिवस चाललं म्हणजे आतलं लागतच नाही, असं सून एकदा बोलून गेली. मामांनी तिला समजावलं, "सीलबंद माल लागत नाही असं म्हणता येत नाही. तो मागितलेला नाही, एवढंच."

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत मामाही. पाचशे चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, स्वतःचा संडास, खिडकीतून समुद्राची एक चिंधी. मी महिन्याभराने गेलो. सुनेने भिंतीतली कपाटं करून घेतली होती, ओट्याखाली ओढायच्या ट्रॉल्या. डबे सगळे पारदर्शक. चिठ्ठीची गरजच नाही, आतलं दिसतं. मामी त्यांच्याकडे संशयाने बघत होती. नोटा ठेवायच्या कुठे?

माळा नव्हता. मामा अधूनमधून मोरीच्या, म्हणजे बाथरूमच्या, छताकडे मान वर करून बघायचे आणि पुन्हा खाली. रविवार होता. थोड्या वेळाने ते डाव्या हाताची नखं न्याहाळत बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेले, तिथून स्वयंपाकघरात, तिथून परत बाहेर. सुनेने ते पाहिलं.

"काय हवंय, बाबा?"

"नेलकटर."

"जागेवर आहे," ती म्हणाली आणि भाजीला फोडणी घातली.

मी निघालो तेव्हा मामा लिफ्टपर्यंत सोडायला आले. हातात वही होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी. खोकं क्रमांक सदतीस त्यांनी उघडलं होतं. पुडीत माझी सातवीतली कंपासपेटी. झाकणाचा कोपरा चेपलेला, आत माझ्या नावाची चिठ्ठी, कंपास, कोनमापक, दोन गुण्ये आणि पेन्सिलीचं एक थोटूक.

"मोजून घे. कर्कटक नाहीये," मामा म्हणाले, "तो तुझ्याकडून गेलाय, तशी नोंद आहे."

लिफ्ट आली, उघडली, वाट बघून बंद झाली. मी भिंतीला वही टेकवून सही केली. मामांनी ती चष्मा सावरून तपासली आणि वही पुन्हा माझ्यापुढे धरली. खाली तारीख राहिली होती.