पाचपैकी चार वेळा

जूनमध्ये तुर्भे स्टेशनवर ठाण्याची लोकल थांबली की उतरणाऱ्या गर्दीत नवी विशेष शिक्षिका ओळखायला वेळ लागत नाही. मसाला मार्केटकडे निघालेल्याच्या हातात डबा असतो, एमआयडीसीत जाणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि हिच्या काखेत कार्डशीटची गुंडाळी असते. त्या गुंडाळीत काटे फिरणारं घड्याळ असतं, वेल्क्रोने फळं चिकटणारं झाड असतं आणि हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांचा तक्ता असतो. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर ती आधी गुंडाळी तपासते, मग स्वतःचा खांदा.

दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो, नमुना तोच राहतो. तेव्हा नाव कशाला द्या? मुलं तिला टीचर म्हणतात, आपणही टीचरच म्हणू. माझा पुतण्या या भागातल्या एका विशेष शाळेत जातो आणि त्याला सोडणं-आणणं माझ्याकडे आहे, एवढाच माझा या विषयातला अधिकार. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकांना जेवढं शिक्षणशास्त्र कळतं तेवढं मला कळतं, म्हणजे पुष्कळ.

टीचरच्या शिक्षणात खोट काढायला जागा नाही. आधी एक पदवी, मग दोन वर्षांचं विशेष बी.एड. आणि त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर, म्हणजे नोंदणी नंबर. हा नंबर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. 1992च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी असून शिकवलं नाही तर काय, याबद्दल कायदा गप्प आहे.

कॉलेजात सूक्ष्म अध्यापन झालेलं असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं त्यावर ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, मग परत सहा मिनिटं शिकवायचं आणि परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. असं 36 मिनिटांचं चक्र. यात विद्यार्थी म्हणून बसतात त्या वर्गमैत्रिणी. त्यांच्यातली एखादी मंदगती मुलाचं काम इतकं मन लावून करते की पहिल्यांदा चुकते, दुसऱ्यांदा अडखळते आणि तिसऱ्यांदा झकास उत्तर देते, कारण तिलाही लोकल पकडायची असते. टीचरच्या मनात ‘विद्यार्थी’ या प्राण्याची जी प्रतिमा ठसते ती इथली. उरलेली ‘तारे जमीन पर’मधली. त्यातले निकुंभ सर चित्रकलेचे शिक्षक होते आणि त्यांच्यासाठी पटकथा कुणीतरी आधीच लिहून ठेवली होती, हे ध्यानात यायला पहिली सहामाही जावी लागते.

पहिल्या दिवशी वर्गात बारा मुलं. टीचरचं विशेषीकरण बौद्धिक अक्षमतेचं. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात 21 झाले. पण या बारांपैकी एकही मूल धडपणे एका प्रकारात बसेना. एक तर कुठेच बसेना, तो खिडकीत उभा होता. टाचणाच्या वहीत दोन रकाने असतात, एक शिक्षक-कृतीचा, दुसरा विद्यार्थी-कृतीचा. दुसऱ्या रकान्यात टीचरने आदल्या रात्री सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘मुले आनंदाने सांगतील : सफरचंद.’ प्रत्यक्षात एकाने विचारलं, “जेवण कधी?” दुसऱ्याने वेल्क्रोचं सफरचंद झाडावरून तोडून चावून पाहिलं. तिसऱ्याच्या खाली पाणी झालं. शौच-प्रशिक्षणावर टीचर झोपेतही दहा गुणांचं उत्तर लिहील. वेळापत्रक ठेवणे, पूर्वसूचना ओळखणे, सगळे मुद्दे पाठ. ती दुसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचली असेल-नसेल, तोवर मावशी पोचा घेऊन आल्या.

“पावणेअकराला न्यायचं असतं त्याला, टीचर. आज तुमची प्रार्थना लांबली.”

मावशी इंदिरानगरहून येतात. मुलांचे डबे उघडणं, नाकं पुसणं, बस आली की कुणाला कुठल्या सीटवर बसवलं म्हणजे भांडण होणार नाही हे बघणं, अशी त्यांची कामं. सीआरआर नंबर नसल्यामुळे त्या शिकवत नाहीत. मुलं त्यांच्याकडून शिकतात, हे खरं. पण त्याला अजून कलम नाही.

टीचर मात्र प्रबलनावर ठाम. चांगलं वागलं की एक चांदणी, दहा चांदण्यांवर एक बक्षीस. याला टोकन इकॉनॉमी म्हणतात. ही इकॉनॉमी ज्याने शोधली तो एपीएमसीच्या घाऊक बाजाराशेजारी राहत नसावा. आमच्या इथल्या मुलांचे बाप, काका, मामा माथाडी, हमाल, टेम्पोवाले. फळबाजारात आंब्याच्या पेटीचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरलेला या घरांनी पाहिलाय. बिनशब्दांच्या संवादाचा यापेक्षा जुना वर्ग मुंबई परिसरात दुसरा नसेल. आठवड्याच्या आत एका चिरंजीवांनी टीचरचा हात धरला आणि दोन बोटं दाबली. हे प्रेम आहे असं समजून टीचर गहिवरल्या. मावशींनी उलगडा केला, “एका चांदणीत नाही जमणार म्हणतोय तो.”

भाषेचा आणखी एक घोळ. व्ही. व्ही. कामतांनी 1930च्या दशकात बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडीत आणली. आमच्या वर्गाला या दोन्ही भाषा उपयोगी, कारण दगडखाणींवर काम करायला कर्नाटकातून आलेली घरं आसपास आहेत. पण मुलं बोलतात ती हनुमाननगरची भाषा. तिच्यात क्रियापद मराठी, शिवी हिंदी आणि आईला मारलेली हाक कानडी. बुद्ध्यंक काढायचा कुठल्या भाषेतला, हा प्रश्न टीचरने एका कार्यशाळेत विचारला. उत्तर आलं, “छान निरीक्षण.” शेजारी ज्ञानाची टंचाई नाही बरं का. वाशीला महापालिकेचं विशेष मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला याच विषयातल्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. कार्यशाळांना जावं लागतं, कारण सीआरआरच्या नूतनीकरणाला गुण लागतात. टीचर गुण जमवतात. चांदण्या आणि गुण, दोन्ही हिशेब त्यांच्या एकाच वहीत असतात.

आता एका गंधाच्या पाठाची गोष्ट. मुख्याध्यापिका पाहायला बसलेल्या. टीचरने चार बाटल्या आणल्या होत्या : लवंग, वेलची, जिरे, दालचिनी. वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. कल्पना चांगली होती, पण या गावात मसाला मार्केटकडून वारा आला की अख्खा वर्ग मिरचीने शिंकतो. गंधाचं शिक्षण इथे न मागता मिळतं. पहिल्या तीन बाटल्या मुलांनी उघडायच्या आधीच सांगितल्या. चौथी एका मुलाने हुंगली आणि म्हणाला, “तज.”

“नाही बाळा. दालचिनी.”

“तज.”

तिसऱ्यांदा ‘दालचिनी’ म्हटल्यावर त्याने बाटली भिंतीवर फेकली. टीचरने नोंद केली : प्रतिसाद चूक, आक्रमक वर्तन. दुपारी मुलाची आई न्यायला आली. ती मार्केटमध्ये मसाला निवडायला जाते. तिने फरशीवरचा एक तुकडा उचलला, नखाने मोडला आणि म्हणाली, “तजच आहे ही, टीचर. जाड साल. खरी दालचिनी पातळ असते, पापुद्र्यांची सुरळी. किती महाग येते ती! कुणी दिली तुम्हाला?”

दुसरी एखादी बाई असती तर तिने हसून विषय टाळला असता. टीचरने फाइल काढली. वर्तनाचा तक्ता तीन रकान्यांचा असतो : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘शिक्षिकेने तीन वेळा चुकीचे नाव सांगितले.’ आणि खाली सही केली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “असं लिहायचं नसतं हो.” टीचर म्हणाल्या, “मॅडम, कॉलेजात असंच लिहायला शिकवलंय.” त्या दिवसापासून माझं विशेष बी.एड.बद्दलचं मत जरा बदललं.

तोच तक्ता दुसऱ्यांदा कामाला आला तो घंटागाडीच्या प्रकरणात. एक मुलगा रोज सकाळी वर्गातून पळायचा. टीचरने पंधरवडाभर नोंदी ठेवल्या. पुस्तकाप्रमाणे कारणं ठरलेली : लक्ष वेधणे, काम टाळणे, काहीतरी मिळवणे. यातलं एकही लागू पडेना. शेवटी तक्ता घेऊन त्या मावशींपुढे बसल्या. मावशींनी वेळा पाहिल्या, म्हणजे टीचरने वाचून दाखवल्या.

“घंटागाडी येते त्या टायमाला. गाणं ऐकलं की पळतो. घरचा कचरा तोच टाकतो ना.”

मुलगा पळत नव्हता, कामाला निघाला होता. पण मावशींना हे जर आधीपासून ठाऊक होतं तर बोलल्या का नाहीत? “मला कुणी इचारलं?” हे त्यांचं उत्तर, आणि माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमात नसलेला पेपर तो हाच.

पुढचं मात्र टीचरचं. त्यांनी कचरा टाकण्याचं कार्यविश्लेषण केलं : डबा उचलणे, दाराबाहेर जाणे, चपला घालणे, फाटकाशी थांबणे, ओला-सुका वेगळा देणे. अशा नऊ पायऱ्या काढल्या. मुलाला आठ येत होत्या. नववी, म्हणजे परत येणे, तेवढी येत नव्हती. मावशी इतकी वर्षं त्याला धरून आणत होत्या. टीचरने ती एक पायरी वेगळी काढून शिकवली. आधी फाटकापासून वर्गापर्यंत हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग दारात उभं राहून. आता शाळेचा कचरा त्याच्याकडे आहे आणि तो पाचपैकी चार वेळा आपणहून परत येतो.

हे ‘पाचपैकी चार वेळा’ टीचरच्या अंगात इतकं मुरलंय की त्यांना जग तसंच दिसतं. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात प्रत्येक उद्दिष्टाला हा निकष लावावा लागतो, 80 टक्के जमलं की उद्दिष्ट साध्य. रिक्षावाला पाचपैकी तीन वेळा सुटे देतो, म्हणजे उद्दिष्ट चालू. लोकलमध्ये समोरच्या बाकावरचे सगळे मोबाइलमध्ये, कुणी नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही. टीचर मनातल्या मनात सगळ्यांची पडताळणी-सूची भरतात आणि सानपाडा यायच्या आत अख्ख्या डब्याला पुढील तपासणीसाठी पाठवून देतात.

आणि हे झालं विशेष शाळेचं सुख. टीचरची मैत्रीण मात्र समग्र शिक्षाच्या कामावर सामान्य शाळांमधून फिरते. 28 ऑक्टोबर 2021च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि पुढे ते प्राथमिकला दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक असं ठरलं. मैत्रीण तो निकाल छापून पर्समध्ये ठेवते. कुठल्याही शाळेत गेली की तिला पहिला प्रश्न येतो, “तुम्ही आज आमच्याकडे की उद्या?”

आमच्या टीचरची कार्डशीटची गुंडाळी आता फारशी दिसत नाही. फाइल मात्र आहे, आणि आराखड्याच्या बैठकीला मुख्याध्यापिका, पालक यांच्याबरोबर एक खुर्ची मावशींना असते. पहिल्या खेपेला मावशी खुर्चीवर बसल्याच नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला बसल्या आणि चहा आणायला कोण जाणार यावरून बैठक काही काळ थांबली.

तेव्हा विद्यापीठातल्या अभ्यास मंडळांना एक विनंती आहे. सराव-पाठाला बाहेरचे परीक्षक बोलावता, त्यांत एखाद्या शाळेच्या मावशींना बोलवा. पाठ संपला की टाचणवही बाजूला ठेवून त्यांना विचारा, या बाईंनी पावणेअकराला कुणाकडे पाहिलं होतं का. मानधन रोख द्या, आणि परीक्षा शाळा भरायच्या वेळेला ठेवू नका. मावशींना आधी शाळेची बस रिकामी करायची असते.