रेकॉर्ड कोरं, बायोडेटा भरगच्च

बेलापूर स्टेशनच्या डोक्यावर जो आयटी पार्क आहे, त्यात नोकरी शोधणारे सध्या दोन जातींचे: क्लाउड इंजिनिअर आणि एआयवाले क्लाउड इंजिनिअर. दुसऱ्यांचा भाव जास्त, कारण त्यांना डोकं खाजवावं लागत नाही. सर्व्हर पडला की एरर कॉपी करायची, चॅटबॉटला द्यायची, त्याने सांगितलेली कमांड टर्मिनलमध्ये चिकटवायची. यात दोन यंत्रांची ओळख होते, मधला गडी कोराच राहतो, अशी जुन्या सिस्टिम अ‍ॅडमिनांची कुरकुर असते. त्यांना काय, कुरकुरायची सवयच आहे.

खरं तर शिकण्यासाठी हा परिसर उत्तम. नाव आणि ठिकाण यांची सांगड घालणाऱ्या डीएनएसचा पहिला धडा ‘सी-डॅक’ या सरकारी संगणक संस्थेत जातानाच फुकट मिळतो: टपालाचा पत्ता सीबीडी बेलापूर, इमारत खारघर स्टेशनसमोर. पत्ता वाचून बेलापूरला उतरलेल्याने एक स्टेशन पुढे जावं.

अमेझॉनच्या क्लाउडला हाच धडा २० ऑक्टोबर २०२५ रोजी गिरवावा लागला. आपल्याकडे नरकचतुर्दशीची दुपार, फराळाची ताटं अजून उचललेली नव्हती. तिकडे उत्तर व्हर्जिनियात ‘डायनॅमोडीबी’ या डेटाबेसचे पत्ते सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रोग्रॅमची चढाओढ लागली. रेंगाळलेल्याने नव्या यादीवर जुनी चढवली, दुसऱ्याने ती जुनाट म्हणून पुसली. रेकॉर्ड कोरं! स्नॅपचॅट बसलं, फोर्टनाइट बसलं. वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देणारं ‘पर्प्लेक्सिटी’ही बसलं, त्यामुळे ‘क्लाउड का बंद आहे?’ हे त्याला विचारायचीही सोय उरली नाही. ऑटोमेशनला आपली चूक निस्तरता येईना. शेवटी माणसांनीच हात घातला.

एआयला स्वभाव नसतो, असं मात्र कुणी म्हणू नये. जुलै २०२५ मध्ये ‘रेप्लिट’ या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एआय एजंटने, ‘काही बदलू नकोस’ असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसून टाकला. विचारल्यावर आपण घाबरल्याचं कबूल केलं आणि डेटा आता परत येणार नाही, असंही ठणकावलं. उद्योजकाने रोलबॅक करून पाहिलं, तर डेटा आला! घाबरणं, न तपासता छातीठोक बोलणं, दुरुस्तीचं बटण सोडून बाकी सगळं माहीत असणं. प्रोबेशनवरच्या पोराची सगळी लक्षणं. फक्त याला नोटीस पिरियड नाही.

तरी कामाचा वेग वाढला, यावर एकमत आहे. ‘मीटर’ (METR) या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना २४६ कामं देऊन तो मोजला. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. काम संपवून विचारलं, तेव्हा मात्र आपला २० टक्के वेळ वाचला, असं ते सांगत होते.

बेलापुरात अप्रेझलच्या फॉर्मवर रकाना एकच असतो: ‘स्वतःचं मूल्यमापन’.