डिस्क भरली? नवशिक्या डीबीएंसाठी सात सोप्या पायऱ्या

अभिनंदन! महिनाअखेरचा रिपोर्ट चालू असताना पोस्टग्रेसने ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणत हात वर केले, म्हणजे तुमची कारकीर्द आज खऱ्या अर्थाने सुरू झाली. बिघाड मुळापासून काढणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. दर महिन्याला धावून येणाऱ्याचं मात्र अप्रेझलमध्ये कौतुक होतं. तेव्हा खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा.

१. एरर पूर्ण वाचू नका. त्यात ‘पीजीएसक्यूएल_टीएमपी’ या फोल्डरचं नाव असतं. क्वेरीचा पसारा मेमरीत मावला नाही, म्हणून तो तात्पुरत्या फायलींत ओतला गेला, एवढं त्यावरून कळतं. ते कळलं तर काम लवकर संपेल, मग दिवसभर करणार काय? स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवर टाका आणि खाली ‘अर्जंट’ लिहा.

२. डिस्क तपासायला जा, पण चहा घेऊन. क्वेरी पडली की पोस्टग्रेस तिच्या तात्पुरत्या फायली स्वतःच पुसतो. तुम्ही पोचेपर्यंत डिस्क बरीच मोकळी दिसेल. आता तिकिटावर छातीठोकपणे लिहा: ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे.’

३. तिकीट पुन्हा उघडलं? वाईट वाटतं. आता ‘वर्क_मेम’ वाढवा. मूळ किंमत ४ एमबी. तुम्ही बिनदिक्कत १ जीबी करा. हा आकडा अख्ख्या सर्व्हरचा आहे असं समजा. खरं तर तो एकेका सॉर्टला, एकेका हॅशला लागू होतो, एका क्वेरीत अशी कामं अनेक असू शकतात, आणि ‘मॅक्स_कनेक्शन्स’ मुळातच १००. गुणाकाराच्या भानगडीत पडू नका, तो लिनक्स करेल. मेमरी संपली की ओओएम किलर एका प्रोसेसचा बळी घेतो आणि त्या एकीपायी पोस्टग्रेस सगळ्यांची कनेक्शन्स तोडून रिकव्हरीत जातो. डिस्क मात्र वाचली, हे मीटिंगमध्ये आवर्जून सांगा.

४. ‘टेम्प_फाईल_लिमिट’ला हात लावू नका. मूळ किंमत −१, म्हणजे खुशाल धुमाकूळ घाला. मर्यादा घातलीत तर उधळलेली क्वेरी एकटीच पडेल आणि बाकीच्यांचं काम चालू राहील. −१ असलं की सगळे एकदम बुडतात आणि कुणा एकाला वाईट वाटत नाही.

५. ‘लॉग_टेम्प_फाईल्स’ही −१च राहू द्या, म्हणजे बंद. ० केलंत तर प्रत्येक तात्पुरत्या फाईलचं नाव आणि आकार लॉगमध्ये येईल. पुरावा हाती आला की अंदाजांना कोण विचारतो?

६. जागा मोकळी करायला निघालात तर डेटा फोल्डरमध्ये ‘पीजी_वॉल’ भेटेल, १६-१६ एमबीच्या फायलींनी गच्च. २०१७ साली आवृत्ती १० येईपर्यंत त्याचं नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होतं. ‘लॉगच तर आहेत’ म्हणत लोक ते पुसायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे, म्हणून नाव बदललं. इथे मात्र आमचा सल्ला अगदी खरा: हात लावू नका. आपल्याला आजार टिकवायचाय. रोगीच गेला तर प्रॅक्टिस कशी चालणार?

७. नवी डिस्क मागा आणि ‘टेम्प_टेबलस्पेसेस’ तिकडे वळवा. फक्त क्वेरी उघडून बघू नका. बघितलीत तर दिसेल की प्रत्येकी लाख ओळींची दोन टेबलं घेतलीत आणि जोडणीची अट लिहायची राहिली आहे. लाख गुणिले लाख, हजार कोटी ओळी. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येताना पाहून कुणीतरी वर ‘डिस्टिंक्ट’ लावलं. चाचणीच्या शंभर ओळींवर रिपोर्ट झकास दिसला आणि तो भला माणूस नोकरी बदलून गेला. आता एवढ्या ओळींतून वेगळ्या ओळी निवडायच्या, तर कितीही मोठी डिस्क द्या, ती भरणारच.

राहिलेली अट लिहायला एक ओळ पुरेल. पण मग पुढच्या महिनाअखेरीला रात्री अकरा वाजता कुणाचाही फोन येणार नाही, मॅनेजर नावाने हाक मारणार नाहीत, आणि मंजूर झालेली नवी डिस्क कशासाठी मागितली होती, हे तुम्हालाच लेखी द्यावं लागेल.