नायकाचे योग्य वय

अद्भुतरम्य प्रेमकादंबरीत नायकाचे वय हा गुणवत्तेचा भाग मानला जातो. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) नायिका १७ वर्षांची, तर अमर नायक १९०१ साली जन्मलेला. शंभरी ओलांडूनही तो शाळेत जाऊन बाकावर बसतो. शिक्षणाची अशी ओढ दुर्मीळच. सारा जे. मास यांनी २०१५ पासूनच्या मालिकेत हा दर्जा आणखी उंचावला: नायिका १९ ची, नायक ऱ्हायसँड पाचशेच्या पुढचा. वाचकांचे मत त्याला पूर्ण अनुकूल आहे. सुरकुती नाही, पंख आहेत, शहर स्वतःचे आहे. स्थळ नाकारावे असे काही उरतच नाही.

समकालीन कादंबरीत पंखांची सोय नसल्याने नायक अब्जाधीश करावा लागतो. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ मुळात ‘ट्वायलाइट’च्या पात्रांवर एका चाहतीने रचलेल्या कथेतून उगवली; तिथे अमरत्वाची भरपाई हेलिकॉप्टरने झाली.

मराठी रंगभूमीने याबाबत जरा घाईच केली. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) वृद्ध भुजंगनाथाची तरुण शारदेशी लग्न ठरवल्याबद्दल वयावरून खिल्ली उडाली आणि लग्नही मोडले. वय खरोखरच अपुरे होते. गृहस्थ आणखी चारेक शतके थांबता, तर पाच खंड सहज निघाले असते.