वडाळ्यातील अनंताचा स्थाननिर्णय

लंका नेमकी कुठे होती, या प्रश्नावर आपल्या विद्वानांनी बादल्यांनी शाई ओतली. वडाळ्यात अनंत नेमका कुठून सुरू होतो, याकडे मात्र एकाही पंडिताचे लक्ष गेलेले दिसत नाही. ही उणीव दूर करण्याचे कार्य प्रस्तुत लेखक वडाळा पूर्वेच्या एका गच्चीवरून करीत आहे.

संशोधनाचे साधन म्हणजे हेलिऑस ४४-२ ही ५८ मिलिमीटरची सोव्हिएत लेन्स. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती येत असे. घडण जर्मनांच्या बायोटारवरून बेतलेली. आमच्या प्रतीचा क्रमांक ७७ने सुरू होतो, म्हणजे जन्म १९७७चा, आणीबाणी उठली त्या सालचा. आत भिंगे सहा, छिद्र लहानमोठे करणारी पाती आठ. अंतराच्या कडीवर सगळ्यात शेवटी आडवा पाडलेला इंग्रजी आठ कोरला आहे. तोच आपला अनंत.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही. हेलिऑसला तिच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते १८ आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढणारी धातूची कडी म्हणजे अडॅप्टर. ही कडी ०.१ मिलिमीटरने, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतकी अधिक जाड निघाली, तर ५८चा वर्ग भागिले ०.१ या हिशेबाने लेन्सचा अनंत साधारण ३४ मीटरवर येऊन थांबतो. पलीकडचे विश्व धूसर. म्हणूनच अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात. मग लेन्सवरची अंतराची कडी अनंताच्याही पुढे फिरते. तिथे काय आहे, यावर वेदान्त्यांनी बोलावे.

आमचा सिद्धान्त असा की अडॅप्टरच्या जाडीच्या या काळजीत दम नाही. निसर्गचित्र काढणारा माणूस छिद्र एफ/८वर आणतो. ३५ मिमीच्या चौकटीचा रूढ हिशेब धरला, तर त्या छिद्राला कडी अनंतावर ठेवताच सुमारे १४ मीटरपासून पुढचे सारे चालण्याजोगे स्पष्ट येते आणि कागदाएवढ्या जाडीचे पाप परस्पर धुऊन निघते. टेप घेऊन मोजले असता हे १४ मीटर समोरच्या इमारतीतल्या काकूंच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीपाशी भरतात. वडाळ्यातील अनंत तिथून सुरू होतो. स्थाननिर्णय झाला.

पण निर्णय झाल्याने पूर्वेचा ट्रॉम्बेचा डोंगर फोटोत दिसत नाही. का दिसत नाही, हे जाणायला साधन हवे. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. (उपमान येथे गाळले आहे, त्याचा आजवर कोणाला उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही.) शब्द म्हणजे आप्ताचे वचन. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, विक्रेत्याने ‘एकदम साफ माल है, साब’ असे वचन दिले होते. घरी मोबाइलची बॅटरी लावून लेन्समधून पाहिले, तर मागच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विक्रेता आप्त नव्हे, एवढे तरी सिद्ध झाले.

आता अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे, हे न्यायशास्त्राचे लाडके उदाहरण. ज्याने ते रचले तो वडाळ्याच्या गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसला असावा. डोंगर ट्रॉम्बेचा, अलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने. धूर आहे, विस्तवही आहे. अडचण फक्त डोंगराची, तो दिसत नाही. सकाळी सूर्य त्याच बाजूला असतो आणि जुन्या लेन्सचा पातळ लेप समोरून आलेला उजेड सोसत नाही, म्हणून चाचणी संध्याकाळीच घ्यावी लागते. तरीही फोटोत करड्या रंगावर करडा रंग. दोष बुरशीचा की हवेचा?

येथे अन्वयव्यतिरेक कामी येतो. जवळची वस्तू टिपावी. तीही मळकट आली तर लेन्स दोषी, स्वच्छ आली तर हवा. जवळच्या वस्तूवर काम सुरू करण्याला आमच्या पंचक्रोशीत थोर आधार आहे. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा दादरच्या फाळक्यांनी १९१२मध्ये सुरुवातीच्या काळात चालवला तो वाटाण्याच्या रोपावर. रोप कसे वाढते याची छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवलदाराचे मन वळवले. आमच्याकडे वाटाणा नव्हता, म्हणून गच्चीच्या भिंतीवर मराठी वर्तमानपत्र चिकटवले. एफ/२ला अक्षरांभोवती दुधी झाक. एफ/८ला अग्रलेखातले स्वल्पविरामसुद्धा मोजता आले. पहिल्या पानावरच्या मंत्र्यांना दोन नाके आली होती, पण तो दोष छापखान्याचा निघाला.

तेव्हा हवा दोषी, आणि त्यात वडाळ्याचा खास वाटा मिठाचा. १९३०मध्ये याच वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रह्यांनी धाडी घातल्या आणि सरकारला घाम फोडला. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे सूक्ष्म कण दमट हवेतले पाणी शोषून फुगतात आणि उजेड विखुरतात. साम्राज्याला जे झेपले नाही, ते आमच्या लेन्सला कसे झेपावे?

उपाय एकच, पाऊस. दोन सरींच्या मधे हवा धुऊन निघते आणि ट्रॉम्बे जागेवर असल्याचे कळते. परंतु जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला याहून मानवणारा हंगाम नाही. म्हणून जाणकार पावसाळ्याच्या तोंडाशी लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात घालतात. थंडीत लेन्स बाहेर असते तेव्हा हवा मळते. पावसात हवा निवळते तेव्हा लेन्स आत असते. दोघे एकाच वेळी स्वच्छ असल्याची नोंद आमच्या दप्तरी नाही.

हा निष्कर्ष तुळशीवाल्या काकूंना कठड्यावरून ओरडून सांगितला. त्या म्हणाल्या, “अहो, परवा पाऊस उघडला ना, तेव्हा डोंगर कसा लख्ख दिसत होता! झाडं मोजून घ्या. तुमची ती दुर्बीण कुठे होती तेव्हा?”

“डब्यात.”